जेवणाची आणि व्यायामाची रोजची नोंद ठेवून वजन कसे उतरवावे

वजन कमी करायला निघालेल्या बहुतेकांना आपण दिवसभरात काय खातो हे ठाऊक असते, पण किती खातो हे फार थोड्यांना सांगता येते. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 'आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही' असे सांगणाऱ्या व्यक्तींचे प्रत्यक्ष खाणे आणि हालचाल त्यात शास्त्रीय पद्धतीने मोजण्यात आली. त्यांनी सांगितलेले खाणे खऱ्या खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होते, तर सांगितलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त होती, आणि त्यांचे चयापचय मंद असल्याचे मात्र आढळले नाही. ही माणसे खोटे बोलत होती असे मला वाटत नाही. फोडणीतले तेल, चव बघण्यासाठी तोंडात टाकलेला घास किंवा मुलांच्या ताटात उरलेले अन्न कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्यानंतर २००८ साली अमेरिकेत सुमारे १,७०० लोकांवर झालेल्या एका अभ्यासात, खाण्याची रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीने उतरलेले दिसले. त्यामुळे महागडा आहारक्रम किंवा एखादा पदार्थ कायमचा सोडण्याचा संकल्प करण्याआधी, एक वही आणि एक काटा घेऊन बसावे, असा माझा आग्रह आहे.

गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले, मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण आणि अन्नाविषयी भीती किंवा अतिखाण्याचे झटके यांसारखा मानसिक त्रास झालेल्या व्यक्ती यांनी हा मार्ग डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करताच रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणून आधी औषधांची मात्रा ठरवून घ्यावी आणि मगच आहाराला हात लावावा.

सुरुवातीची मापे

वहीच्या पहिल्या पानावर उंची, वजन, कमरेचा घेर आणि तारीख लिहावी. वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर, चहापाण्याच्या आधी आणि रोज साधारण सारख्याच कपड्यांत करावे. काटा फरशीवर सपाट ठेवावा. गालिच्यावर किंवा जाजमावर ठेवलेला काटा भरवशाचा नसतो. कमरेचा घेर घेताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत ओढू नये.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भारतीयांच्या शरीरात त्याच बीएमआयला चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे अधिक वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आहे. पहिले उद्दिष्ट सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के एवढेच ठेवावे, कारण तेवढ्या घटीनेही रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवर चांगला परिणाम दिसतो. लग्नातल्या फोटोतले वजन हे उद्दिष्ट धरले की महिन्याभरात हातपाय गळतात.

पहिला आठवडा: काहीही न बदलता

पहिले सात दिवस नेहमीसारखेच खावे आणि तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहावी. हा आठवडा फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक नेमका तोच टाळतात, कारण वही उघडताक्षणी माणूस शहाण्यासारखा खाऊ लागतो. तसे झाले तर आपल्या खऱ्या सवयी कागदावर उतरतच नाहीत आणि पुढे नेमके काय कमी करायचे ते कळत नाही.

लिहिण्याची वेळ खाल्ल्याबरोबरची असावी; रात्री झोपताना दिवस आठवून लिहिलेली नोंद हमखास अपुरी असते. वेळ, पदार्थ, प्रमाण आणि त्या वेळची परिस्थिती एवढे चार तपशील पुरतात. उदाहरणार्थ: 'दुपारी ४.१०, चहा १ कप, म्हशीचे दूध ६० मिली, साखर २ चमचे, खारी २. भूक नव्हती, कार्यालयात सगळे घेत होते.' यातला शेवटचा तपशील अनेकांना फालतू वाटतो, पण आठवड्याच्या शेवटी तोच सर्वांत उपयोगी पडतो. भूक नसताना खाल्लेले घास वेगळ्या शाईने अधोरेखित करावेत, म्हणजे ते पान पुन्हा चाळताना सहज नजरेत भरतात.

नोंद वहीत ठेवावी की मोबाइलमधील अॅपमध्ये, हा सोयीचा प्रश्न आहे. अॅपमध्ये बेरीज आपोआप होते, पण 'एक वाटी आमटी' असे निवडल्यावर येणारा आकडा कोणाच्या वाटीचा आणि कोणाच्या फोडणीचा आहे हे समजायला मार्ग नसतो. म्हणून घरच्या पदार्थांचे आकडे एकदा स्वतः काढून अॅपमध्ये आपल्या नावाने साठवून ठेवणे उत्तम. कच्च्या जिनसांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत सापडतात. तिथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, तिला ४.१८४ ने भागले की आपल्या ओळखीच्या कॅलरी मिळतात.

ताटाऐवजी पातेले मोजावे

आपल्या स्वयंपाकाची मोजणी अवघड वाटते याचे कारण आपण ती ताटात वाढून झाल्यावर करू पाहतो. वाटीला ठरलेले माप नाही. कोणाची वाटी १०० मिलीची, तर कोणाची २०० मिलीची. उसळ घट्ट आहे की रश्शाची, यावरही सारे अवलंबून असते. यावर उपाय म्हणजे पाच किलोपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा ओट्यावर कायमचा ठेवावा आणि पदार्थ पातेल्यात जाण्याआधीच मोजावा.

चार माणसांसाठी मटकीची उसळ करायची आहे असे समजू. आधी रिकाम्या पातेल्याचे वजन करून वहीच्या शेवटच्या पानावर कायमचे लिहून ठेवावे. समजा ते ६२० ग्रॅम भरले. मटकी भिजवण्यापूर्वी, कोरडी असताना मोजावी: १५० ग्रॅम, म्हणजे जवळपास ४९५ कॅलरी. कांदा १०० ग्रॅम (५०), टोमॅटो १०० ग्रॅम (२०), सुके खोबरे २० ग्रॅम (१२५) आणि गूळ ५ ग्रॅम (२०). आता तेल. बाटलीतून कढईत थेट ओतण्याऐवजी बाटलीच काट्यावर ठेवावी, काटा शून्यावर आणावा, हवे तेवढे तेल ओतून बाटली परत ठेवावी. वजा दिसणारा आकडा म्हणजे वापरलेले तेल. हाताच्या अंदाजाने घातलेले तेल ३० ग्रॅम भरले, तर त्याच्या २७० कॅलरी झाल्या. एकूण बेरीज ९८०. उसळ शिजल्यावर पातेल्यासकट वजन १,५२० ग्रॅम आले, म्हणजे उसळ ९०० ग्रॅम झाली आणि १०० ग्रॅम उसळीत सुमारे १०९ कॅलरी आल्या. आता आपल्या वाटीत जितके ग्रॅम मावतात, तितक्या प्रमाणात आकडा लावायचा. १५० ग्रॅमची वाटी असेल तर साधारण १६५.

या हिशेबात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. मटकी, जी पोट भरते आणि प्रथिने देते, तिचा वाटा जेमतेम निम्मा आहे. तेल आणि खोबरे मिळून उरलेल्यातला बहुतेक भाग व्यापतात. शिवाय तेल वरच्या तर्रीत गोळा होत असल्यामुळे, पातेल्याच्या वरून पळीने वाढून घेणाऱ्याच्या वाटीत सरासरीपेक्षा बरेच अधिक तेल येते. म्हणून वाढण्यापूर्वी उसळ खालपर्यंत ढवळावी.

पोळीचा हिशेब याहून सोपा आहे. कणीक भिजवताना पीठ मोजावे आणि पोळ्या मोजाव्यात. ३०० ग्रॅम पिठाच्या दहा पोळ्या झाल्या तर एका पोळीत ३० ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे १०० कॅलरी आल्या. घडीला आणि वरून मिळून एक लहान चमचा तेल लागले तर त्यात आणखी ४० ते ४५ मिळवाव्यात. भाकरीला तेल नसते, पण साधारण ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २०० कॅलरीची होते, त्यामुळे 'भाकरी हलकी' म्हणून एकाऐवजी दोन खाणाऱ्याने पिठाचे वजन एकदा पाहावेच. भात कच्च्या तांदळावरून मोजावा: १०० ग्रॅम तांदळात ३५० च्या आसपास कॅलरी असतात आणि शिजल्यावर त्याचे अडीच ते तीन पट वजन होते.

शेंगदाण्याच्या कुटाकडे विशेष लक्ष द्यावे. भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत आपण ते मूठ सोडून घालतो, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. शेंगदाणे पौष्टिक आहेतच, त्यामुळे ते वर्ज्य करू नयेत. फक्त चमच्याने मोजून घालावेत.

दर वेळी एवढे करायचे का, असे कोणीही विचारेल. बहुतेक घरांत पंधरा-वीस पदार्थच आलटून पालटून होतात. प्रत्येकाची मोजणी एकदा झाली आणि तेलाचे प्रमाण ठरले, की महिनाभरात घरचा स्वतःचा तक्ता तयार होतो. घरभरच्या तेलाची एक सोपी तपासणीही करावी. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी पडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २,००० कॅलरीच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅमच धरलेले आहे, आणि वजन उतरवणाऱ्याचे ताट त्याहून लहान असते.

रोजचा आकडा ठरवणे

शरीराला विश्रांतीत लागणाऱ्या ऊर्जेचा अंदाज १९९० साली मांडलेल्या मिफ्लिन-सेंट जोर सूत्राने येतो. किलोमधील वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधील उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. स्त्रियांनी यातून १६१ वजा करावेत, पुरुषांनी ५ मिळवावेत. ४२ वर्षांच्या, १५८ सेंटिमीटर उंचीच्या आणि ७२ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हा आकडा सुमारे १,३४० येतो. दिवसभर बसून काम असेल तर त्याला १.२ ने, हलकी हालचाल आणि थोडा व्यायाम असेल तर १.३७५ ने गुणावे. दुसऱ्या प्रकारात तिची दिवसाची गरज सुमारे १,८४० होते.

आता हा आकडा पहिल्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावा. वजन स्थिर असताना वहीची सरासरी १,३०० दाखवत असेल, तर शरीर चमत्कार करत नसून वहीतून काहीतरी निसटत आहे. अशा वेळी खाणे आणखी कमी करण्यापूर्वी एक आठवडा अधिक काटेकोर नोंद करावी.

गरजेपेक्षा रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी, एवढीच तूट पुरेशी आहे. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ४०० ची तूट आठवड्याला २,८०० होते आणि त्यातून साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चरबी कमी होते. वरील स्त्रीने १,४५० च्या आसपास राहावे. वैद्यकीय देखरेखीशिवाय १,२०० च्या खाली जाऊ नये; त्यात प्रथिने, लोह आणि कॅल्शियम पुरेसे बसवणे अवघड होते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

वही वाचून काय बदलावे

आठवड्याची पाने समोर ठेवून आधी पेये पाहावीत. वर दिलेल्या नोंदीतील चहात दुधाच्या सुमारे ७० आणि साखरेच्या ४० मिळून ११० कॅलरी होतात. दिवसाला असे तीन कप म्हणजे ३३०. दूध टोन्ड घेतले आणि साखर अर्ध्या चमच्यावर आणली तर तोच कप ४५ वर येतो आणि चहा न सोडता दिवसाच्या १९५ कॅलरी वाचतात. त्यानंतर तेल, मग चहाबरोबरचे बिस्कीट-खारी-टोस्ट आणि शेवटी उरलेले संपवण्याची सवय, या क्रमाने जावे. 'वाया जाऊ नये म्हणून' खाल्लेले अन्न आपल्याकडच्या आयांच्या वहीत हटकून दिसते. उरलेला भात डब्यात घालून शीतकपाटात ठेवला तरी तो वाया जात नाही.

एका वेळी दोनच बदल करावेत आणि ते निदान दोन आठवडे टिकवावेत.

कमी करतानाच एक गोष्ट वाढवायची आहे: प्रथिने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि वजन उतरवताना ती १ ग्रॅमच्या आसपास नेणे हिताचे असते, म्हणजे स्नायू टिकतात आणि भूकही आवरते. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि भात या ताटात ती फारच थोडी असतात. ३० ग्रॅम कोरड्या मुगातून साधारण ७ ग्रॅम, एका अंड्यातून ६, १०० ग्रॅम दह्यातून ३ ते ४, तर १०० ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास मिळतात. एक पोळी कमी करून उसळीची वाटी मोठी करणे, वरण घट्ट करणे आणि दुपारी दही घेणे, एवढ्याने बराच फरक पडतो. कोशिंबीर आणि पालेभाजी पोटभर घ्यावी. तिथे काटा वापरण्याची गरज नाही, फक्त फोडणी मोजावी.

व्यायामाची नोंद वेगळ्या पानावर

व्यायामात खर्ची पडलेल्या कॅलरी जेवणाच्या आकड्यातून वजा करू नयेत, असे मी आवर्जून सांगेन. ७२ किलो वजनाची व्यक्ती ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालली, तर नुसते बसून जेवढी ऊर्जा लागली असती त्याहून सुमारे ९० कॅलरीच जास्त खर्च होतात. बेसनाच्या ४० ग्रॅमच्या लाडवात १८० ते २०० असतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या चालण्यात अर्धा लाडूही वसूल होत नाही. त्यातच मनगटावरील घड्याळे खर्च अनेकदा फुगवून दाखवतात. 'आज चाललो, म्हणून चालते' हा हिशेब सुरू झाला की तूट तिथेच संपते.

याचा अर्थ व्यायाम गौण आहे असा मुळीच नाही. तो स्नायू राखतो, साखर आणि रक्तदाब सुधारतो, झोप लावतो आणि उतरलेले वजन पुन्हा चढू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम सुचवला आहे. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतका दम लागणे. नोंदीत प्रकार, मिनिटे आणि दम किती लागला हे लिहावे. ताकदीच्या व्यायामात संख्याही लिहावी, जसे 'उठाबशा १० च्या ३ फेऱ्या, भिंतीला टेकून जोर ८ च्या २ फेऱ्या'. दोन आठवड्यांत हेच आकडे थोडे वाढवावेत. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी संख्या आणि लागलेला वेळ दोन्ही लिहावे, कारण संथ बारा आणि जलद बारा यांत मोठा फरक आहे. गुडघे दुखत असतील तर जिने टाळून सपाट रस्त्यावर चालावे.

रोजचे वजन, आठवड्याची सरासरी

रोजच्या वजनात एक-दीड किलोचा चढउतार सहज होतो. लोणचे-पापड किंवा बाहेरचे खारट जेवण, बद्धकोष्ठता, मासिक पाळीच्या आधीचे दिवस, सवय नसताना केलेला जोरदार व्यायाम, या सगळ्यांनी शरीरात पाणी धरले जाते. पहिल्या आठवड्यात भराभर उतरणारे वजनही मुख्यतः पाणीच असते. म्हणून रोज वजन केले तरी सात दिवसांची सरासरी काढून तीच मागच्या आठवड्याशी ताडावी. स्त्रियांनी शक्य तर मागच्या महिन्यातील पाळीच्या त्याच आठवड्याशी ताडावी. रोजचा आकडा पाहून जीव खालीवर होत असेल, तर आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी वजन करावे. कमरेचा घेर पंधरा दिवसांतून एकदा घ्यावा.

तीन आठवडे सरासरी हलली नाही तर आधी नोंद तपासावी: तेल पुन्हा अंदाजाने पडू लागले का, सुट्टीच्या दिवसांची पाने कोरी आहेत का, वाटीचे माप वाढले का. नोंद चोख निघाली तर गरज नव्याने काढावी. वरील उदाहरणातील स्त्री ६२ किलोवर आली की तिची दिवसाची गरज सुमारे १४० कॅलरींनी कमी होते, त्यामुळे जुनाच आकडा पुढे पुरत नाही.

उपवास, सण आणि बाहेरचे जेवण

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण वहीत अक्षरशः खरी ठरलेली दिसते. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका बशीत ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा (२१०), २५ ग्रॅम कूट (१४०), १२ ग्रॅम तूप (१०८) आणि थोडा बटाटा (३०) धरला, तरी ती ४९० च्या घरात जाते आणि प्रथिने त्यात फारशी नसतात. उपवास करायचाच असेल तर वरईचा भात मोजून घ्यावा, कूट मोजून घातलेली आमटी, ताक आणि फळे घ्यावीत. चतुर्थी सोडताना रात्री मोदकांबरोबर पूर्ण जेवण होते, त्याचीही नोंद त्याच दिवसाच्या पानावर यायला हवी.

दिवाळीच्या आठवड्यात वजन उतरवण्याचा हट्ट धरू नये. ते स्थिर ठेवणे हेच त्या आठवड्याचे उद्दिष्ट असावे. फराळ बशीत काढून घ्यावा, डब्यात हात घालून खाऊ नये, आणि काय घेतले ते लिहावे. लग्नात किंवा हॉटेलात काटा नेता येत नाही. तिथे पदार्थ आणि अंदाजे प्रमाण लिहावे आणि तेल घरच्यापेक्षा जास्तच असणार हे गृहीत धरून आकडा थोडा चढाच लावावा. एखादे दिवशी सगळे गणित कोसळले तरी त्या दिवसाचे पान कोरे सोडू नये आणि दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नये. सात दिवसांची सरासरी पाहायची असल्याने एका जेवणाने फारसे बिघडत नाही, पण कोऱ्या पानांची रांग लागली की नोंद सुटते.

उद्दिष्ट गाठल्यावर

पहिले ५ ते १० टक्के उतरल्यानंतर दोन-तीन महिने त्याच वजनावर थांबावे. रोजच्या आकड्यात दर आठवड्याला १०० कॅलरी वाढवत न्याव्यात आणि सरासरी स्थिर होईल तिथे थांबावे. या काळात प्रत्येक घास लिहिण्याची गरज नसते. आठवड्यातून दोन दिवसांची, त्यातही एक सुट्टीच्या दिवसाची, पूर्ण नोंद आणि आठवड्याचे वजन एवढे चालू ठेवावे. व्यायामाचे पान मात्र रोज भरावे. सरासरी ठरलेल्या वजनाच्या दोन किलो वर गेली, तर काटा पुन्हा ओट्यावर काढावा आणि दोन आठवडे पूर्ण नोंद करावी. खाण्यात बदल नसताना वजन वेगाने वाढू किंवा घटू लागले, किंवा त्याबरोबर थकवा, सूज, केस गळणे अशी लक्षणे दिसली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडच्या तपासणीचा निर्णय घेताना तारखांनिशी लिहिलेली ती पाने त्यांना फार उपयोगी पडतात.